न्हाणीघरातील ताप

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात मनुष्यमात्राला पोळणाऱ्या त्रिविध तापांचे जे निरूपण केले आहे, त्यात आध्यात्मिक तापाच्या सदरात दारुण व्याधींच्या जोडीने खरूज आणि पुळ्या यांनाही त्यांनी जागा दिली आहे, आणि आधिभौतिक तापाच्या सदरात तर पायाला लागलेली ठेच, मोडलेला काटा, डास, ढेकूण, पिसवा, मुंग्या अशा यःकश्चित उपद्रवांची इतकी बारीक मोजदाद केली आहे की, एखाद्या दक्ष तलाठ्याने शिवारातला बांध न् बांध आपल्या दफ्तरात उतरवून घ्यावा, त्याची आठवण व्हावी. मोक्षाच्या वाटेवर निघालेल्या साधकाला ढेकणाची नोंद कशाला हवी, असे आजच्या वाचकाच्या मनात येते आणि तो ही यादी भराभर नजरेखालून घालून पुढच्या गंभीर विवेचनाकडे वळतो. मला मात्र त्या यादीतच समर्थांची थोरवी दिसते. ज्याला संसारदुःखाचा ठाव घ्यायचा आहे त्याने मरण, वियोग आणि दारिद्र्य एवढ्याच भारदस्त दुःखांची दखल घ्यावी आणि आठ प्रहरांत माणसाला प्रत्यक्ष छळणाऱ्या किरकोळ गोष्टींना बेदखल करावे, हा पंडिती शिष्टाचार त्यांनी पाळला नाही. 1608 साली ज्या जांब गावी त्यांचा जन्म झाला ते गाव आज घनसावंगी तालुक्यात मोडते; परंतु तो तालुका स्वतंत्र होण्यापूर्वी ते आमच्या अंबडच्याच दफ्तरी होते, आणि आमच्या काळ्या रानात सराटा किती खोल रुततो हे ज्याने अनवाणी पायांनी जाणले आहे त्याला त्या यादीतील काट्याचे नवल वाटत नाही. तेव्हा अंबडच्या एखाद्या रहिवाशाने आज असे विचारले की, शॅम्पूची न फाटणारी पुडी, न उघडणारे झाकण आणि ओल्या बोटांतून निसटणारा साबण यांना त्रिविध तापांत जागा आहे किंवा नाही, आणि असल्यास ती कोणत्या सदराखाली, तर तो प्रश्न अप्रस्तुत ठरू नये.

प्रथम फिर्याद नीट मांडली पाहिजे. पुडीच्या एका कोपऱ्यावर ‘येथे फाडा’ असा हुकूम छापलेला असतो आणि कडेला एक सूक्ष्म खाचही दिलेली असते. पण तो हुकूम कोरड्या हातांच्या माणसाला उद्देशून काढलेला असून पुडी हाती घेणारा माणूस बहुधा नखशिखांत भिजलेला असतो, ही विसंगती हुकूम काढणाऱ्याच्या ध्यानी आलेली नसते. बोटे घसरतात, खाच ताणली जाते पण फाटत नाही, शेवटी पुडी दातांत धरावी लागते, आणि मग ती फाटते ती अशी की, निम्मा ऐवज भिंतीवर, चौथाई जिभेवर आणि उरलासुरला डोक्याच्या वाट्याला येतो. बाटली विकत घेणारे लोक त्या मानाने संपन्न समजले जातात, पण त्यांचीही सुटका नाही. शॅम्पू आणि त्यामागून लावायचा कंडिशनर यांच्या बाटल्या एकाच घाटाच्या, एकाच रंगाच्या आणि एकाच उंचीच्या असतात. त्यांतला भेद ज्या अक्षरांत सांगितलेला असतो ती चष्म्यावाचून दिसत नाहीत, आणि चष्मा लावून स्नान करण्याचा प्रघात आपल्याकडे अद्याप पडलेला नाही. पंपाच्या बाटलीची तऱ्हा आणखी वेगळी. तळाशी दोन बोटे द्रव शिल्लक असतानाच तिची नळी हवा ओढू लागते. ती उलटी ठेवावी म्हटले तर तिचे डोके असे की ती उभी राहत नाही. मग तीत पाणी घालून, खळखळवून, त्या फेसाळ तीर्थावर पुढचे तीन दिवस काढण्याचा विधी घराघरांत बिनबोभाट चालतो. साबणाचा झिजून पातळ झालेला तुकडा टाकवत नाही म्हणून नव्या वडीला चिकटवावा, तर तो नेमका डोळ्यांत फेस गेल्याच्या क्षणी सुटून मोरीच्या जाळीकडे धावतो, आणि त्या जाळीवर घरातल्या साऱ्या मंडळींच्या केसांचा जो गुंता जमलेला असतो तो आपला नव्हे असे प्रत्येकाचे ठाम मत असते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली गोठते आणि आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषातल्या पहाटे पारा त्याच्या पुष्कळ खाली उतरतो. मग अरुंद तोंडाच्या बाटलीत गोठून बसलेले तेल उन्हाची किंवा कढत पाण्याच्या तपेल्याची वाट पाहते, आणि तेल लावून न्हायला निघालेला गृहस्थही त्याच्यासोबत वाट पाहतो.

या सर्वसामान्य फिर्यादीत अंबडच्या पाण्याने स्वतःचे एक कलम घातले आहे. हा सारा मुलूख बेसाल्टाच्या पाषाणाचा. त्या पाषाणाच्या भेगांतून झिरपत विहिरीत आणि बोअरच्या नळीत उतरणारे पाणी येताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार घेऊन येते आणि जड होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाने ही जडता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावी, दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावी, असे ठरवले आहे. आणि मानक काहीही म्हणो, बोअरच्या पाण्याने न्हालेल्या माणसाला त्या जडतेचे मोजमाप यंत्रावाचून कळते. साबण हे मेदाम्लाचे सोडियम लवण. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की त्याचे न विरघळणाऱ्या चुनखडी साबणात रूपांतर होते, फेस होत नाही, आणि बादलीच्या कडेला, घंगाळाच्या तळाला व न्हाणाऱ्याच्या केसांना एक करडा, चिकट साका धरतो. साबण जितका अधिक चोळावा तितका साका अधिक. नळाला जायकवाडी धरणाचे पाणी आले की तोच साबण अंगाशी सलोखा करतो, बोअरवर पाळी आली की पुन्हा वैर धरतो; आणि ज्या घरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार याचाच भरवसा नसतो, तेथे आज आपले केस मऊ असतील की दोरखंडासारखे ताठ, हे नगरपालिकेच्या वेळापत्रकावर अवलंबून राहते.

माझी एक आत्या मात्र या वैरात कधी सापडली नाही. ती आदल्या रात्री रिठे आणि शिकेकाई लोखंडी कढईत भिजत घाली, पहाटे त्यांना एक उकळी देई आणि त्या तपकिरी पाण्याने, तेही विहिरीच्या, डोक्यावरून न्हाई. तिच्या केसांवर साका धरल्याचे कोणी पाहिले नाही; कारण रिठ्यातला फेस ज्या सॅपोनिनमुळे होतो ते साबणाच्या जातीचे नसल्याने पाण्यातल्या क्षारांशी भांडत नाही. तिला हे रसायन ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. पण एवढ्यावरून जुने ते सोने असा निकाल देणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेले की जी आग होते तिच्यापुढे आजच्या शॅम्पूची चुणचुण म्हणजे काहीच नव्हे. रात्रीचे भिजवणे, पहाटेची चूल, पऱ्हाट्यांचा धूर आणि लांब केस वाळेपर्यंत खोळंबलेली कामे हे सारे तिने निमूट सोसले, कारण तक्रार ऐकायला कोणी नव्हते. आणि ज्या काळाचा आपण हेवा करतो त्याच काळात विधवा झालेल्या पुष्कळ स्त्रियांना केस राखण्याचीच मुभा नव्हती. 1890 साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने सभा भरवून, आपण विधवांचे केशवपन करणार नाही, असा ठराव केला तेव्हा धर्ममार्तंडांना जे सुचले नाही ते वस्तरा हाती धरणाऱ्यांना सुचले होते. ज्यांना केसांच्या किरकोळ कुरबुरींचा हक्क मिळालेला नव्हता त्यांची आठवण ठेवूनच पुढचा विचार करावा लागतो.

आता सदराचा प्रश्न. भूतमात्राच्या संयोगाने जे दुःख उपजते ते आधिभौतिक, या व्याख्येने पुडी, पंप आणि साबण हे उघडच काट्याच्या आणि डासाच्या बिऱ्हाडी जातात, आणि तसे असेल तर त्यांचा उपायही शास्त्राने सांगून ठेवला आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला शीत-उष्णादी स्पर्श येतात आणि जातात, ते सोस, असे सांगितले. आणि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण आणखी कडक केले आहे, की दुःख सोसावे, पण प्रतिकार न करता, चिंता न करता आणि विलाप न करता सोसावे. यातले तिसरे कलम सर्वांत अवघड. पुष्कळ माणसे पुडी दातांनी फाडतात, म्हणजे प्रतिकार करतात. काही थोडी ती तशीच खाली ठेवून साबणावर भागवतात. पण ओठांवाटे एकही शब्द बाहेर न पडू देता न्हाणीघरातून परत आलेला मनुष्य माझ्या पाहण्यात नाही.

तिकडे रोमन साम्राज्यात, जन्माने गुलाम असलेल्या एपिक्टेटस या तत्त्वज्ञाने तर नेमका स्नानाचाच दाखला घेतला होता. तो म्हणतो त्याचा आशय असा की, सार्वजनिक स्नानगृहाकडे निघालास तर तेथे काय काय घडते ते आधी मनाशी उजळून घे; कोणी पाणी उडवील, कोणी ढकलील, कोणी शिव्या देईल, कोणी कपडे चोरील; आणि मग म्हण की, मला स्नान करायचे आहे आणि त्याबरोबर माझे मनही निसर्गाशी सुसंगत राखायचे आहे; म्हणजे आडकाठी आली तरी तुझ्या दोन हेतूंपैकी दुसरा शाबूत राहील. ही युक्ती मी मनापासून मोलाची समजतो. न्हाणीत शिरण्यापूर्वीच पुडी फाटणार नाही असे गृहीत धरून तिचा कोपरा कोरड्या हातांनी कात्रीने कापून ठेवणारा माणूस हा माझ्या मते त्या तत्त्वज्ञाचा खरा शिष्य होय, मग त्याने त्याचे नाव ऐकलेले नसो.

आणि तरीही हा निकाल मला अपुरा वाटतो. काट्याने कोणाला काही कबूल केलेले नसते. सराटा रानात उगवतो, पाय त्यावर पडतो. या व्यवहारात बोली नाही, मोबदला नाही आणि म्हणून फसवणूकही नाही. थंडीत तेल गोठते तेही आपल्या धर्माने गोठते. परंतु पुडीवर ‘येथे फाडा’ असे छापणाऱ्याने तेथे फाटेल असा शब्द दिलेला असतो, बाटलीवर विशिष्ट मिलिलिटरांचा आकडा घालणाऱ्याने तेवढा माल वापरता येईल असे सुचवलेले असते, आणि त्या शब्दाचे रोख पैसे घेतलेले असतात. जो ताप वस्तूच्या संयोगाने झाला तो सोसावा. पण जो ताप दिलेल्या शब्दाच्या वियोगाने झाला त्यालाही त्याच सदरात घालून तितिक्षेचा उपदेश करणे म्हणजे व्यापाऱ्याचे देणे ग्राहकाच्या अध्यात्मातून फेडून घेणे होय. साधुत्वाचा असा परस्पर जमाखर्च आपल्याकडे फार झाला आहे.

या ठिकाणी मला मनुस्मृतीतील एका वचनाचा आधार घ्यावासा वाटतो, आणि तो घेताना संकोचही वाटतो. संकोच एवढ्यासाठी की, शुद्धाशुद्धतेच्या नावाने या ग्रंथाने कोट्यवधी माणसांना पाण्यापासून, मंदिरापासून आणि माणुसकीपासून दूर ठेवण्याला आधार पुरवला. 1927 च्या मार्चमध्ये डॉ. आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याला हात लावण्यासाठी गेले, त्यानंतर सनातनी मंडळींनी गोमूत्र, शेण, दूध, दही यांनी भरलेली 108 मडकी तळ्यात बुडवून त्याची ‘शुद्धी’ केली, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला महाडलाच या ग्रंथाचे दहन झाले. ते दहन व्हायलाच हवे होते असे मी मानतो. पण ज्यांनी ती मडकी बुडवली त्यांनी आपलाच ग्रंथ धड वाचला नव्हता, हेही सांगितले पाहिजे. कारण त्याच्या पाचव्या अध्यायात असे म्हटले आहे की, सर्व प्रकारच्या शौचांत अर्थशौच, म्हणजे पैशाच्या व्यवहारातली शुचिता, हे श्रेष्ठ. जो व्यवहारात शुद्ध तोच शुद्ध, माती आणि पाणी यांनी घासूनपुसून शुद्ध झालेला तो शुद्ध नव्हे. जाळलेल्या ग्रंथातले एखादे वाक्य ते लिहिणाऱ्यांच्याच वारसांविरुद्ध साक्षीला उभे करता येत असेल तर ते अवश्य करावे.

हे वचन न्हाणीघराच्या दारावर लावून पाहिले की आमच्या फिर्यादीचे स्वरूपच पालटते. जो शौचाची साधने विकतो त्याला शौचाचा पहिला नियम, म्हणजे अर्थशौच, इतर कोणत्याही व्यापाऱ्यापेक्षा अधिक लागू झाला पाहिजे. बाटलीचा तळ आतून वर उचलून ती आहे त्याहून मोठी भासवणे, पुडीत मालापेक्षा हवा अधिक भरणे, किंमत तीच ठेवून वजन गुपचूप कमी करणे आणि त्याच वेष्टनावर कोपऱ्यात ‘20 टक्के अधिक’ असे ठळक छापून कशाहून अधिक ते न सांगणे, या गोष्टी कायद्याच्या चौकटीत बसतीलही. पण मळ काढण्याचे साधन मळक्या हाताने द्यावे असा तो प्रकार आहे. पुडीची कल्पना मुळात कुटिल नव्हती, हे येथे न्यायाने नमूद केले पाहिजे. तामिळनाडूतील कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी शॅम्पू लहान पुडीत भरून विकण्याचा मार्ग काढला तो, श्रीमंतांच्या न्हाणीतली वस्तू हातावर पोट असलेल्या मजुरालाही परवडावी, या बुद्धीने. आणि आज अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीखाली नवरात्राच्या यात्रेत दुकानाच्या दारावर लोंबणाऱ्या त्या रंगीत माळा पाहिल्या की, ऊसतोडीहून परतलेल्या बाईलाही एका रुपयात राणीसारखे न्हाता यावे ही गोष्ट लहान वाटत नाही. नेमके म्हणूनच त्या पुडीत हवा कोंबणे अधिक वाईट. लिटरभर घेणाऱ्याचे फसणे गमतीचे असते. रुपयाची एक पुडी घेणाऱ्याचे तसे नसते.

याची दाद लागण्याची सोय नाही असे नाही. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा होता, त्याच्या जागी 2019 चा आला. जालन्याला जिल्हा आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रारीला शुल्कही पडत नाही. पण एका रुपयाच्या पुडीसाठी अंबडहून एस. टी. ने जालन्याला जाऊन, अर्ज लिहून, तारखा घेत बसणारा ग्राहक मला भेटायचा आहे. तो भेटला तर मी त्याला साधक म्हणेन. त्रास इतका क्षुद्र ठेवायचा की त्याची फिर्याद करणाऱ्यालाच लाज वाटावी, या हिशेबावर एक अख्खा व्यापार उभा राहू शकतो. आणि क्षुद्र दुःखांना बेदखल करणारी आपली आध्यात्मिक प्रतिष्ठा त्या हिशेबाला नकळत हातभार लावते. समर्थांनी ढेकणाची नोंद घेतली ती म्हणूनच मोलाची.

इथवरचा निवाडा विक्रेत्याविरुद्ध झाला, आणि तो मला मान्य आहे. पण वाद येथे संपत नाही. पतंजलीने पाच नियम सांगितले त्यांत पहिला शौच आणि त्याला लागून दुसरा संतोष. हा शेजार योगायोगाचा नसावा. देह आज धुतला तर उद्या मळतो. त्यामुळे शौच हे स्वभावतःच अपुरे राहणारे कर्म आहे, आणि जे कर्म कधी पुरे होत नाही त्याच्या शेजारी संतोषाचा पहारा बसवला नाही तर ते माणसाला सोडीत नाही. भाष्यकार व्यासांनी संतोषाची व्याख्याही मोठी व्यवहारी केली आहे: जे साधन हाताशी आहे त्याहून अधिक घेण्याची इच्छा नसणे. आपल्या न्हाणीच्या फळीवर ज्या बाटल्या ओळीने उभ्या आहेत त्यांच्याकडे या व्याख्येच्या नजरेने एकदा पाहावे. त्यांतल्या पुष्कळ निम्म्यावर येऊन थांबलेल्या असतात; त्या संपल्या म्हणून नव्हे, तर दुसरी अधिक गुणाची आहे असे कोणी सांगितले म्हणून नवी आणलेली असते.

पतंजलीने शौचाचे फळ मोठे चमत्कारिक सांगितले आहे. देह वारंवार धुऊनही तो स्वच्छ राहत नाही हे पाहता पाहता साधकाला स्वतःच्या अंगाची किळस येते आणि परक्या अंगाच्या संसर्गाची ओढ सरते. याच पठारावर, अजिंठ्याच्या आणि औरंगाबादच्या लेण्यांत राहून गेलेल्या भिक्षूंच्या परंपरेत, प्रव्रज्या घेणाऱ्या श्रामणेराचे मुंडन होताना त्याला देहाच्या ज्या पाच अवयवांचे ध्यान प्रथम सांगतात त्यांत पहिले नाव केसांचेच असते; मग लोम, नखे, दात आणि त्वचा. डोक्यावर असतात तोवर ज्यांना आपण तेल, फुले आणि आरसा देतो ते केस तेथून सुटून ताटात पडले की धर्मशास्त्र ते अन्न वर्ज्य ठरवते; एवढे अल्प अंतर आहे शोभेत आणि मळात. रोमचा सम्राट मार्कस ऑरेलियस यालाही स्नान म्हणजे तेल, घाम, मळ आणि तेलकट पाणी एवढेच दिसले, आणि आयुष्याचा प्रत्येक भाग असाच आहे, असे त्याने स्वतःपुरते टिपून ठेवले. वैराग्याचा हा रस्ता मला स्वतःला फारसा रुचत नाही. देहाची इतकी निंदा करून ज्याला परमार्थ साधतो त्याने खुशाल साधावा. पण आजच्या जाहिरातीने या शिकवणीचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिने पतंजलीचे अर्धे सूत्र उचलले. खांद्यावर पडलेला कोंडा, विंचरताना फणीत आलेले केस, घामाचा वास, यांच्याकडे बोट दाखवून ती स्वतःच्या अंगाची किळस अगदी शास्त्रोक्त उत्पन्न करते. आणि मग उरलेले अर्धे उलटे करून सांगते की, हे द्रव्य लावलेस तर परके लोक तुझ्याजवळ येतील. योग्याला जी किळस संसर्गातून सोडवण्यासाठी होती ती येथे संसर्गाचे आमिष म्हणून वापरली जाते, आणि संतोषाचा नियम तर वेष्टनावर कोठेच छापलेला नसतो. उलट, फेस करा, धुवा आणि पुन्हा करा, अशी आज्ञा असते. ही आज्ञा लिहिणाऱ्याला संतोष परवडणारा नव्हता.

म्हणून न्हाणीतली चीड ही निम्मी विक्रेत्याने घातलेली आणि निम्मी आपण मान्य केलेली असते, असे मला वाटते. पुडी फाटत नाही याचा राग एका वाट्याचा. पण ती फाटून तिच्यातून जे बाहेर येणार होते त्यावर आपण केवढी भिस्त ठेवली होती, त्या भिस्तीचा राग दुसऱ्या वाट्याचा, आणि हा दुसरा वाटा बहुधा मोठा असतो. एरवी एवढ्याशा प्लास्टिकच्या कोपऱ्याने वयस्क, सुशिक्षित, नातवंडे असलेल्या माणसाला इतके अस्वस्थ करण्याचे कारण नव्हते. आत्याने एकदा मला दाराबाहेरून विचारले होते, “बाटलीशी कामून भांडायलास रे बाबा? ती काही तुझी भाऊबंद हाय का?” भाऊबंदकीत वाटणीचा हक्क असतो म्हणून भांडण असते, हे तिला पक्के ठाऊक होते; बाटलीत आपला कोणता हक्क अडकला आहे, याचा शोध मी तेव्हा घेतला नाही.

स्नानाच्या त्रासाची पराकाष्ठा सोसलेला पुरुष आमच्या शेजारीच होऊन गेला. पैठणच्या एकनाथांची कथा सर्वश्रुत आहे: गोदावरीवरून न्हाऊन परतताना एक यवन त्यांच्यावर थुंके, नाथ पुन्हा नदीला जात, तो पुन्हा थुंके, आणि असे 108 वेळा घडले तरी त्यांच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही, उलट तुझ्यामुळे इतकी गोदास्नाने घडली, असे त्यांनीच त्याला म्हटले. तितिक्षेचा दाखला म्हणून ही कथा सांगतात ते ठीकच. पण तिच्यात सहज निसटणारी एक गोष्ट म्हणजे नाथांच्या मागे नदी होती. 1965 साली पायाभरणी होऊन 1976 साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे, नाथसागर. आणि 2013 च्या उन्हाळ्यात, जेव्हा त्या सागराचा तळ दिसला, आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि गावोगाव टँकर फिरले, तेव्हा अर्ध्या बादलीत न्हायचे आणि तेच पाणी पुढे झाडाला घालायचे अशा घरांत शॅम्पूच्या पुडीचा कोपरा फाटतो की नाही हा वादच उद्भवला नाही. फेस धुऊन काढायला पाणी नव्हते म्हणून पुड्या दुकानातच लोंबत राहिल्या. अंबडची पुष्करणी बारव, जिच्याशी अहिल्याबाई होळकरांचे नाव जोडले जाते, पाहताना मला नेहमी वाटते की, ज्या काळी पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यापर्यंत उतरण्याची सोय करून देणे हे पुण्यकर्म समजले जाई त्या काळी स्नानाचे दान करणारा त्या दानावर कसली प्रौढी छापत नव्हता. आणि लगेच हेही आठवते की, त्या पायऱ्या साऱ्यांसाठी नव्हत्या.

तेव्हा सदरांची वाटणी मी अशी करतो. गोठलेले तेल, जड पाणी आणि न आलेला नळ यांतले पहिले दोन तितिक्षेकडे, तिसरा नगरपालिकेकडे. न फाटणारी पुडी, हवा ओढणारा पंप आणि उचललेला तळ अर्थशौचाकडे, आणि सवड असेल तर जालन्याकडे. फळीवरच्या निम्म्या बाटल्या संतोषाकडे. एवढी वाटणी झाल्यावरही एक प्रकरण कोणत्याच सदरात बसत नाही. निरोगी माणसाच्या डोक्यावरून रोज 50 ते 100 केस गळतात आणि साठी उलटल्यावर त्यांच्या जागी तेवढे उगवत नाहीत, ही गोष्ट वैद्याला, विक्रेत्याला आणि गिऱ्हाइकालाही पूर्ण माहीत असते. तरीही केस गळणे थांबेल असे छापलेली बाटली तो जाणता, सेवानिवृत्त गृहस्थ, ज्याने सारी हयात दुसऱ्यांच्या कागदपत्रांतल्या खोट्या नोंदी पकडण्यात घालवली, मोजून पैसे देऊन घरी आणतो, महिनाभर वापरतो, मोरीच्या जाळीवर पूर्वीइतकेच केस पाहतो, आणि दुकानदाराकडे एका शब्दाने तक्रार न करता पुढच्या महिन्यात दुसऱ्या नावाची तसलीच बाटली मागतो. येथे शब्द मोडला हे खरे, पण तो मोडणार हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. पैसे गेले हे खरे, पण फसवले गेल्याची कैफियत कोणी देत नाही. अर्थशौच यात कोणाचे बिघडले, देणाऱ्याचे की घेणाऱ्याचे, याचा उलगडा मला मनूच्या त्या वचनाने झालेला नाही, आणि जिल्हा आयोगाकडूनही होईल असे वाटत नाही.